दोन पाऊण दीड

रेवतीला दिसायचं आधी, पण ती बोलायची सगळ्यांच्या नंतर. नागपूरच्या घरी चार काकांच्या धबडग्यात वाढलेली पोर. मोठ्या माणसाची चूक आपण काढायची नसते, ती त्याला स्वतःला सापडेपर्यंत वाट बघायची असते, हे तिच्या हाडीमांशी खिळलेलं. एम.ए. झाली, वर्गात पहिली आली, तरी ते खिळलेलं काही निघालं नाही. लग्न होऊन ती आयर्लंडला आली तेव्हा तिच्या पासपोर्टवर शिक्का बसला की बाईंना इथे नोकरी करता यायची नाही. मग बघणं आणि वाट बघणं हेच तिचं काम झालं.

नवरा डॉक्टर. चंद्रहास, मूळचा हर्णैचा, भूल देणारा डॉक्टर. स्वभावाने सोन्यासारखा, पण आकड्यांवर त्याची अशी काही भक्ती की विचारू नका. पेशंटला दहापासून उलटे आकडे मोजायला लावायचे, सातच्या पुढे कुणी जात नाही, हे तो पैज लावून सांगायचा. आणि कुणी जातही नसे. दर सहा महिन्यांनी त्याचं कंत्राट संपायचं आणि बिऱ्हाड उठायचं. वॉटरफोर्डला दोनदा, मधे एक हिवाळा आणखी कुठे, आणि आता कासलबार. गंधार अकरा वर्षांचा झाला तोवर त्याच्या चार शाळा झाल्या होत्या. ज्ञानदा सात वर्षांची, नव्या घरात गेलं की पहिल्यांदा विचारायची, "आई, इज धिस वन अवर्स?"

त्या प्रश्नापायीच ती गाडी घरात आली.

मार्टिन नावाचा एक माणूस समुद्राकाठी राहायचा, कासलबारपासून तासाभरावर. घरं बांधायच्या धंद्यात त्या वर्षांत सगळ्यांसारखा त्याच्याकडेही पैसा आला आणि त्याने थेट अमेरिकेहून जहाजातून एक कॅम्पर मागवला. टॉय हॉलर म्हणतात त्याला. पुढच्या अर्ध्या भागात घर: गॅसची शेगडी, बेसिन, टेबल, छताला टांगलेले पलंग, जे दोरी ओढली की खाली येतात. मागच्या अर्ध्या भागात रिकामं गॅरेज, मोटरसायकली नाहीतर क्वॉड, म्हणजे जाड टायरांच्या चारचाकी फटफट्या, ठेवायला. आणि मागची आख्खी भिंत बिजागऱ्यांवर. कडी काढली की ती भिंत हळूहळू खाली येऊन जमिनीला टेकायची आणि तिचाच उतार व्हायचा, ज्यावरून गाडी खाली उतरवायची. मार्टिनचे मुलगे मोठे होऊन डब्लिनला कामाला गेले होते. त्याने गॅरेजमधली लहान मुलांची क्वॉडसुद्धा त्याच व्यवहारात देऊन टाकली.

"म्हणजे मागे गोठा असलेलं घर," रेवती म्हणाली.

"अगदी. हर्णैचं घर आमचं असंच होतं," चंद्रहास खूश होऊन म्हणाला. "आता कुठेही बदली होऊ दे. घर आपल्या मागून येईल."

जीपच्या मागे जोडून ओढायची ती गाडी आयरिश रस्त्यांच्या मानाने चांगलीच रुंद होती. दोन्ही बाजूंची झुडपं खरवडत ती घरी आली तेव्हा रेवतीने पुढच्या पट्टीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि नारळ फोडायला दगड मिळेना म्हणून तो जॅकवर फोडला. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. तिला गंधारने कासलबारकडच्या, मेयो परगण्याच्या उच्चारात समजावलं, "इट्स ग्रँड, इट्स जस्ट इन्शुरन्स."

गाडी देताना मार्टिनने एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. त्याच्या घरासमोर समुद्र आत आलेला होता आणि पलीकडे एक बेट. ओहोटीला मधली मैलभर वाळू उघडी पडायची, इतकी घट्ट की तिच्यावरून गाड्या बेटावर जायच्या. वाट चुकू नये म्हणून मधे खांब पुरलेले. मुलांना क्वॉड चालवायला याहून चांगली जागा नाही, तो म्हणाला. पण भरतीचं वेळापत्रक दुकानाच्या दाराला आतून लावलेलं असतं, ते बघितल्याशिवाय वाळूवर चाक ठेवायचं नाही. पाणी समोरून येत नाही, दोन्ही बाजूंनी येतं आणि मधे भेटतं.

परतताना चंद्रहास हसत होता. "कोकणातल्या माणसाला हा भरती शिकवतोय."

"सांगतोय तर ऐकून घ्यावं," रेवती म्हणाली.

"अगं, आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. तिथीला पाऊणकी लावायची. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. द्वितीया असली की दीडला पूर्ण भरती, चतुर्थीला तीनला. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. बाबांनी मला हे बेरीज-वजाबाकीच्या आधी शिकवलं. आमच्या बंदरातली माणसं यावर होड्या काढतात."

"पण तो हर्णैचा समुद्र."

"आणि हा काय मंगळावरचा? चंद्र एकच आहे ना? नागपूरच्या लोकांनी समुद्रावर बोलू नये, रेवा. अंबाझरीच्या तळ्याला भरती येते का?"

ती हसली. या थट्टेला ती तेरा वर्षं हसत आली होती.

सासऱ्यांनी दरवर्षी पाठवलेली मराठी दिनदर्शिका स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दाराला आतून लावलेली असे. प्रेस म्हणजे कपाट; हा शब्द आता रेवतीच्याही तोंडात बसला होता. त्या दिवसापासून चंद्रहास चहाची पूड काढताना तिथी बघायचा आणि पुटपुटायचा. एप्रिलमध्ये एका रविवारी त्याने आपला हिशेब पडताळायचाही ठरवला. सगळे गाडीत बसून मार्टिनच्या किनाऱ्यावर गेले. पाऊस असा की खाली उतरवेना. काच पुसून चंद्रहासने घड्याळ बघितलं, पाणी बघितलं.

"हिशेबाप्रमाणे आत्ता अर्धं पाणी उतरलेलं असायला हवं. बघ. अर्धे खांब पाण्यात, अर्धे कोरडे. बरोब्बर." त्याने थर्मासमधला चहा ओतला. "आहे काही म्हणणं नागपूरचं?"

रेवती दुसरीकडे बघत होती. शंख-शिंपले वेचणाऱ्या दोन बायका, हातात बादल्या, वाळूवरून किनाऱ्याकडे येत होत्या. चांगल्या लगबगीने येत होत्या, आणि मधूनमधून मागे वळून बघत होत्या. पाणी उतरत असेल तर वेचणारी माणसं आत जातील, बाहेर का येतील? तिच्या मनात आलं. मग तिचं तिनेच उत्तर दिलं, पाऊस आहे म्हणून येत असतील. दहा मिनिटांत चौघं घरी निघाले. अर्धं पाणी चढतानाही अर्धंच दिसतं आणि उतरतानाही अर्धंच, हे कळायला अर्धा तास तिथे थांबावं लागलं असतं.

दोन हजार चारचा जून. एकोणीस तारीख, शनिवार. प्रेसच्या दारावर आषाढ शुद्ध द्वितीया.

"दोन पाऊण दीड," चंद्रहास म्हणाला. "दीडला भरती, साडेसातला पूर्ण ओहोटी. आपण चारला पोचू, पाणी निम्म्यावर आलेलं असेल. तिथून रात्री साडेदहापर्यंत वाळू आपलीच. उजेडही दहापर्यंत आहे."

रेवतीने पोळ्या, बटाट्याची भाजी, दहीभाताचा डबा भरला. गंधारने हेल्मेट घरातूनच घातलं.

चार वाजून दहा मिनिटांनी ते किनाऱ्यावर होते. मार्टिनच्या दारात गाडी नव्हती. दुकान थोडं पुढे, वळणापलीकडे. वाळूत उतरायच्या सिमेंटच्या उतारावर एक पाटी होती: वेळ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

"दुकानात जाऊन येऊ का मी?" रेवतीने विचारलं. "दूधही आणायचंय."

"दूध आहे. आणि वेळ तपासलेली आहे," चंद्रहास म्हणाला आणि जीप खाली घातली. मागून तो लांबरुंद कॅम्पर डुलत उतरला. वाळू खरंच घट्ट होती. समोर मैलभर उघडी, आणि दोन्ही अंगांना दूरवर पाण्याची चकाकती पट्टी. आभाळ स्वच्छ होतं, वारा पडलेला. त्या एवढ्या मोठ्या वाळूवर, शनिवारी, जूनमध्ये, दुसरं एकही माणूस नव्हतं. चंद्रहासला ते आपलं भाग्य वाटलं. रेवतीने मागे वळून पुन्हा त्या पाटीकडे बघितलं.

उतारापासून दोनेकशे पावलांवर त्याने गाडी उभी केली. जीप सोडवली, कॅम्परचे चारही पाय खाली घेतले, पाणसळ लावून तो सरळ केला. मागची भिंत वाळूवर टेकवली आणि गंधार फटफट करत क्वॉडवर बाहेर पडला.

"तिसऱ्या खांबापर्यंत," रेवती म्हणाली.

"आई, धॅट्स नॉट इव्हन फार."

"जाऊ दे गं. पाणी मागे चाललंय, दर मिनिटाला जागा वाढतेच आहे त्याला," चंद्रहास म्हणाला. "बेटाला हात लावून ये रे."

क्वॉडचा आवाज लांब लांब होत गेला. रेवतीने आत चहाचं आधण ठेवलं. बेसिनवरच्या खिडकीतून तिला एक काळा खडक दिसत होता, बैलाच्या पाठीसारखा, त्याच्या पायथ्याशी पाणी. तिने आलं किसलं. पुन्हा बघितलं तेव्हा पायथा दिसेना. तिला वाटलं, आपण डोकं वेगळीकडे धरलंय. तिने दोन्ही हात बेसिनच्या कडेवर ठेवले, हनुवटी नळाच्या रेषेत आणली आणि बघत राहिली. चहा उतू गेला. खडकाची पाठ आता निम्मीच होती.

ती दारात आली. चंद्रहास खुर्ची टाकून बसला होता, चेहऱ्यावर ऊन घेत. चार शाळा, सात घरं, आणि आज पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर मालकाचा आराम होता.

"अहो, तो खडक बघा."

"कुठला?"

"तो. मघाशी मोठा होता."

त्याने डोळे किलकिले करून बघितलं. "भास होतो तसा. ऊन फिरलं की. चहा झाला?"

ती आत गेली. हे तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही: ती आत गेली, चार कपांत चहा ओतला, साखर ढवळली. डोळ्यांना दिसत होतं ते एका बाजूला आणि त्याचा आवाज दुसऱ्या बाजूला, आणि तिने पुन्हा एकदा, सवयीने, आवाजाकडे वजन टाकलं.

मग ज्ञानदा आली. हातात फावडं, दोन्ही मोजे ओले.

"आई, द सी इज इन माय कासल."

"एखादी लाट आली असेल," बाहेरून चंद्रहास म्हणाला. "ओहोटीतही येते एखादी मोठी."

"नो, बाबा. इट डिडंट गो बॅक."

रेवतीने कप ठेवला आणि ती धावतच बाहेर आली. डावीकडची चकाकती पट्टी आता पट्टी राहिली नव्हती. उजवीकडचीही. मधल्या खांबांच्या रांगेत, बेटाकडच्या बाजूला जिथे वाळू जराशी खोलगट होती, तिथे दोन्हीकडून पाण्याच्या जिभा आत येत होत्या. आवाज नव्हता. लाट नव्हती. सांडलेलं दूध फरशीवर पसरतं तसं ते पसरत होतं, आणि त्याच्या पलीकडे, बेटाच्या पायथ्याशी, एक तांबडा ठिपका. गंधारचं हेल्मेट.

त्याने पाणी बघितलं असावं. क्वॉड वळली आणि इकडे यायला लागली.

चंद्रहास उठून उभा राहिला होता. त्याने घड्याळ बघितलं. "पाच. पाच म्हणजे..." त्याचे ओठ हलत होते. "उतरतंय. उतरायलाच पाहिजे." आणि मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन तो मोठ्यांदा ओरडला, "गंधार, ये! सरळ ये! थोडंच आहे पाणी, ये!"

मुलगा त्या खोलगट भागाच्या काठावर आला आणि थांबला. इतक्या लांबून शब्द पोचत नव्हते, हात दिसत होते. बाबांचे हात बोलावत होते. पाणी कॅम्परएवढ्या रुंदीचं होतं, मग दोन कॅम्परएवढं. तो पुढे सरकला. चाकं पाण्यात गेली.

रेवतीच्या लक्षात आलं की तिचाही हात वर गेलाय, बोलावायला. पोर लांब असलं की आईचा हात असाच जातो, जवळ ओढायला. तिने तो हात तसाच हवेत धरला. पाण्याकडे एकदा बघितलं. मग नवऱ्याच्या समोर येऊन, त्याला पाठीमागे ठेवून ती उभी राहिली, दोन्ही तळवे पुढे केले आणि ढकलायला लागली. जा. मागे जा. सगळ्या अंगाने ती आपल्या मुलाला आपल्यापासून दूर ढकलत होती.

"रेवा, काय करतेस? तो घाबरेल, तिकडेच अडकेल!"

"अडकू दे."

"अगं पाणी उतरतंय, मी सांगतो ना..."

"चढतंय," ती म्हणाली. "गप्प बसा तुम्ही. हात खाली करा."

तेरा वर्षांत ती त्याला असं बोलली नव्हती. त्याचे हात खाली आले.

गंधार तिथेच होता. एक हात बोलावणारा, एक घालवणारा, आणि मधे तो. त्याने नक्की किती वेळ घेतला कुणास ठाऊक. चंद्रहास पुढे म्हणायचा तीन सेकंद. मग क्वॉड मागे सरकली, एकदा रुतली, सुटली, आणि बेटाकडे निघाली. तांबडा ठिपका गवताच्या हिरव्या कडेवर चढला तेव्हा कुठे रेवतीने हात खाली घेतले. तो जिथे थांबला होता तिथला खांब तोवर गळ्यापर्यंत बुडाला होता.

नंतरचं सगळं भराभर झालं. चंद्रहासने कॅम्पर जीपला जोडायचा प्रयत्न केला, पण पाय खाली घेतलेले, आणि पाण्याने त्यांच्याखालची वाळू खायला सुरुवात केली होती. सिमेंटच्या उतारावरून मार्टिन ओरडत होता. तो नुकताच घरी आला होता. सोडून द्या, सोडून द्या, एवढंच ऐकू येत होतं. रेवतीने ज्ञानदाला कडेवर घेतलं आणि गुडघाभर पाण्यातून चालायला लागली. मागे बघितलं नाही. जीप उतारापाशी येऊन बंद पडली.

किनाऱ्यावरून त्यांनी बघितलं. मागची भिंत उघडीच होती, त्यामुळे समुद्राला दार शोधावं लागलं नाही. तो उतारावरून वर चढला, गॅरेजमध्ये शिरला, मग घरात. डबे बाहेर आले, गाद्या बाहेर आल्या, ज्ञानदाचा एक बूट आला. सहाच्या सुमाराला कॅम्पर एका कुशीवर कलंडला आणि तसाच, एखाद्या पेशंटसारखा, शांत पडून राहिला.

चंद्रहासचं तिकडे लक्ष नव्हतं. तो बेटाकडे बघत होता, जिथे ते पोर गवतावर गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं.

मार्टिनने होडी काढली. पावणेसातला त्याने गंधारला उतरवलं. पोर थरथरत होतं पण रडत नव्हतं. मार्टिनच्या बायकोने सगळ्यांना स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसवलं, घोंगड्या दिल्या, न विचारता दुधाळ चहा दिला. दुकानातून तिने वेळापत्रकाचा कागदच काढून आणला होता. तो तिने चंद्रहाससमोर ठेवला, कठोरपणे नव्हे, नुसता ठेवला. पूर्ण भरती, संध्याकाळी सात वाजून चाळीस.

चंद्रहासने तो वाचला. पुन्हा वाचला.

"दहा मिनिटं," तो मराठीत म्हणाला. "माझ्या हिशेबात फक्त दहा मिनिटांचा फरक होता. साडेसात नाही, सात चाळीस." मग त्या ओळीवर बोट ठेवून: "पण ओहोटी नाही, भरती."

चंद्र एकच होता. पण त्याने ओढलेलं पाणी प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळेला पोचतं, आणि हर्णैचा पाढा हर्णैच्या बंदरासाठी बसवलेला. हे मार्टिनने सांगितलं. त्याला कुठून कळलं म्हणून विचारलं तर म्हणाला, यात कळायचं काय आहे, इथून वीस मैलांवर गेलं तरी वेळ बदलते.

मार्टिन आणि त्याची बायको बाहेर गेले तेव्हा चंद्रहासने विचारलं, "तुला दिसत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"चहा टाकला तेव्हापासून. खरं तर एप्रिलपासून."

"मग बोलली का नाहीस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं. तो खरोखरच विचारत होता, जसा चुकलेल्या आकड्याचा माग काढतात तसा. रेवतीने घोंगडीखाली स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं.

"तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही," ती म्हणाली. "दोघांचं मिळून पोर गेलं असतं आज."

शेगडीत पीट, दलदलीतून कापून वाळवलेली माती, जळत होतं. ज्ञानदा झोपली होती. चंद्रहासने डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"गंधार, ये रे. इकडे ये."

तीन हातांवर बसलेला मुलगा उठला. त्याने बापाच्या हाताकडे बघितलं. मग मान वळवून आईकडे बघितलं, आणि तिथेच उभा राहिला.

चंद्रहासचा हात तसाच पुढे होता. रेवतीला त्या क्षणी जे दिसलं ते फक्त त्या संध्याकाळचं नव्हतं. या घरात पुढे कितीतरी वर्षं हेच होणार होतं, प्रत्येक लहानमोठ्या हाकेला.

तिने मान हलवली. जा.

मग तो गेला.